बापाला अग्नी देणारा योद्धा

१८ डिसेंबर २०१५ हा शुक्रवार भारतातल्या चित्रपटगृहांनी दोन हिंदी चित्रपटांना देऊन टाकला होता. एक शाहरुख खानचा ‘दिलवाले’, दुसरा संजय लीला भन्साळींचा ‘बाजीराव मस्तानी’. त्याच दिवशी अमेरिकेत ‘स्टार वॉर्स’ मालिकेचा सातवा भाग, ‘द फोर्स अवेकन्स’, लागत होता. भारतात मात्र त्याला पडदे मिळणे कठीण झाले आणि तो आठवडाभर मागे सरकून २५ डिसेंबरला आला. जगभर ज्या मालिकेसाठी लोक रात्ररात्र रांगा लावतात, तिला आपल्याकडे पेशव्यासाठी वाट मोकळी करून द्यावी लागली. पुणेकराला यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. आपल्या मनात इतिहास आणि पुराणे यांनी आधीच एवढी जागा घेतलेली आहे की दूरच्या आकाशगंगेतल्या राजकन्येला तिथे सहजी आसन मिळत नाही.

तरी ते आसन तिला मिळाले. हळूहळू, घराघरांतून मिळाले, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा आहे मूळ तीन चित्रपटांतल्या शेवटच्या भागाचा. १९८३ सालच्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’चा. समीक्षकांनी तिघांतला सर्वांत दुबळा ठरवलेला हा चित्रपट साध्या प्रेक्षकाला इतका जवळचा का वाटतो, हा या लेखाचा विषय आहे. आणि तो मी धायरीतून पाहतो आहे, कारण याचे उत्तर मला कॅलिफोर्नियापेक्षा इथे अधिक नीट मिळाले.

सिंहगड रस्त्यावरचे प्रेक्षक

धायरी पुण्याच्या नैर्ऋत्येला. सिंहगड रस्त्याने वडगाव बुद्रुक मागे टाकले की धायरी फाटा येतो. आत वळले की उंबऱ्या गणपतीचा चौक, बेनकर वस्ती, रायकर मळा, गारमाळ, आणि टेकडीवर धारेश्वराचे देऊळ. ऑक्टोबर २०१७ मध्ये जी अकरा गावे पुणे महापालिकेत आली, त्यांत धायरी होती. गावपण अजून पुरते गेलेले नाही आणि शहरपण पुरते आलेले नाही. एकाच गल्लीत जुन्या शेतकरी घराचा गोठा, नऱ्ह्याच्या शेडमध्ये फॅब्रिकेशन करणाऱ्या कारागिराची खोली आणि रोज हिंजवडी गाठणाऱ्या इंजिनिअरचा फ्लॅट. पलीकडे खडकवासल्याच्या अंगाला एनडीए आणि केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र, अलीकडे वडगाव-आंबेगावची अभियांत्रिकी महाविद्यालये. त्यामुळे मराठवाड्यातून, विदर्भातून शिकायला आलेली मुले इथे कॉट बेसिसवर राहतात, नोकरी लागली की इथेच भाड्याचे घर घेतात आणि पुढे इथेच स्थिरावतात.

मोठ्या पडद्यावर सिनेमा बघायचा तर अभिरुची मॉलमधले सिटी प्राइड नाहीतर वडगावचे फन टाइम. पण ‘स्टार वॉर्स’ इथे मुख्यतः पोहोचले ते घरातून. आधी व्हिडिओ कॅसेट, मग केबल, मग हॉस्टेलमध्ये एका संगणकावरून दुसऱ्यावर फिरणाऱ्या फायली. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली आणि ३ एप्रिलला डिस्ने प्लस हॉटस्टार भारतात सुरू झाले. बाहेर पडायचे नाही, शाळा नाही, आणि हाताशी सगळी मालिका. अनेक घरांत बापाने स्वतः तुटकतुटक पाहिलेली गोष्ट पहिल्यांदा सलग पाहिली, ती मुलांना शेजारी बसवून. या मालिकेचा मराठी घरातला खरा प्रवेश मी तिथून धरतो. कारण ही गोष्ट बाप आणि मुले यांनी एकत्र बघण्याचीच आहे.

१९८३ सालचा शेवट

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वाळवंटी ग्रहावर काका-काकूंकडे वाढलेला ल्यूक स्कायवॉकर नावाचा पोरगा. त्याचा बाप मोठा योद्धा होता आणि डार्थ व्हेडर नावाच्या काळ्या चिलखतातल्या सेनापतीने त्याला मारले, असे त्याला सांगितलेले. १९७७ च्या पहिल्या चित्रपटात ल्यूक साम्राज्याचे ‘डेथ स्टार’ हे ग्रह फोडणारे महाकाय अस्त्र नष्ट करतो. १९८० च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये व्हेडर त्याचा उजवा हात तोडतो आणि सांगतो की मीच तुझा बाप. हे रहस्य इतके जपले होते की व्हेडरच्या चिलखतात उभ्या असलेल्या डेव्हिड प्राउज या नटाला चित्रीकरणात दुसरेच वाक्य म्हणायला दिले होते. खरे वाक्य नंतर जेम्स अर्ल जोन्सच्या आवाजात भरले गेले.

तिसऱ्या भागापुढे त्यामुळे एकच प्रश्न उरला होता. आता मुलाने काय करायचे?

‘रिटर्न ऑफ द जेडाय’ २५ मे १९८३ ला अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि त्या वर्षी तिथे सर्वाधिक कमाई करणारा चित्रपट ठरला. बरोबर महिन्याने, २५ जूनला, कपिल देवच्या संघाने लॉर्ड्सवर विश्वचषक उचलला. ऑगस्टअखेरीस अमेरिकेच्या ‘चॅलेंजर’ यानातून इन्सॅट-१बी हा उपग्रह सोडला गेला आणि त्याच्या आधाराने दूरदर्शन गावोगावी पोहोचू लागले. पुढच्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा अवकाशात गेले. दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ दिसू लागले, आपली ‘स्पेस सिटी सिग्मा’ आली, १९९८ मध्ये मिलिंद सोमणचा ‘कॅप्टन व्योम’ आला. आज धायरीत चाळिशी-पन्नाशीत असलेली पिढी या क्रमाने आकाशाकडे बघायला शिकली. तिच्यापाशी ‘जेडाय’ उशिरा आला, पण मन तयार झाल्यावर आला.

शस्त्र खाली टाकणारा नायक

या चित्रपटाचे आधी जाहीर झालेले नाव होते ‘रिव्हेंज ऑफ द जेडाय’. त्या नावाची भित्तिपत्रकेही छापली गेली होती. मग मालिकेचा जनक जॉर्ज लुकासने नाव बदलले, कारण जेडाय योद्धा सूड घेत नाही. जाहिरातीवर पैसा खर्च झालेला असताना केवळ तत्त्वाशी जुळत नाही म्हणून नाव बदलणे ही छोटी गोष्ट नव्हे. चित्रपटाचा सगळा शेवटही त्याच आग्रहावर उभा आहे.

शेवटच्या अर्ध्या तासात लढाई तीन ठिकाणी चालू असते. एंडॉर नावाच्या जंगली उपग्रहावर जमिनीवरची, वर अवकाशात आरमाराची, आणि नव्या डेथ स्टारच्या सिंहासनगृहात तिघांची. तिथे म्हातारा सम्राट पॅल्पटीन, व्हेडर आणि ल्यूक. सम्राटाला ल्यूकचा पराभव नको आहे, त्याला ल्यूकचा राग हवा आहे. ल्यूकने संतापाने बापाला मारावे आणि बापाची जागा घ्यावी, हा त्याचा बेत. ल्यूक बराच वेळ लढायचे टाळतो. पण व्हेडर त्याच्या मनात शिरतो, त्याला एक बहीण आहे हे ओळखतो आणि तू नाही वळलास तर तिला वळवीन असे सुचवतो. तेव्हा मात्र ल्यूकचा तोल सुटतो. तो घावामागून घाव घालतो आणि व्हेडरचा उजवा हात तोडतो.

तुटलेल्या मनगटातून रक्त येत नाही, तारा लोंबतात. ल्यूक ते बघतो, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे बघतो. तोही आता यंत्राचाच आहे, काळ्या मोज्यात. त्याच्या लक्षात येते की आपण आणि हा, दोघांत आता फारसे अंतर राहिलेले नाही. तो हातातली तलवार फेकून देतो. हरल्यामुळे नव्हे, जिंकत असताना. सम्राट त्याच्यावर विजा सोडतो, ल्यूक जमिनीवर तडफडत बापाला हाक मारतो, आणि व्हेडर सम्राटाला उचलून खोल गर्तेत फेकतो. त्यात त्याचा स्वतःचा जीव जातो.

अवकाशातल्या युद्धकथेचा नायक निर्णायक क्षणी शस्त्र टाकतो, हे धाडस होते. पटकथेवर काम करताना आणखी एक वाद झाला होता. लॉरेन्स कॅस्डन हा सहलेखक आणि हॅरिसन फोर्ड हा नट, दोघांचेही म्हणणे होते की हान सोलो हे लाडके पात्र मरू द्यावे, म्हणजे युद्धाची किंमत कळेल. लुकासने ते मानले नाही. धायरीच्या कुठल्याही उंच गच्चीवरून सिंहगड दिसतो. तानाजी मालुसऱ्यांची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाचा कौल इथे पटकन कॅस्डनच्या बाजूने पडेल. किंमत न देता मिळालेला विजय आपल्याला हलका वाटतो. मलाही पुष्कळ काळ तसेच वाटे. आता वाटते की किंमत दिलीच गेली आहे. ती मित्राच्या मरणाने द्यायची सोपी वाट सोडून लुकासने ती बापाकडून वसूल केली. ज्याने मुलाचा हात तोडला त्यानेच मुलासाठी मरावे, यात हान सोलोच्या मरणापेक्षा कितीतरी अधिक वजन आहे.

चिता

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहिला, तो प्रसंग. मरताना व्हेडर मुलाला आपला मुखवटा काढायला सांगतो. एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी त्याला बघायचे असते. आतून एक फिकट, दमलेला, साधा म्हातारा निघतो. ती भूमिका सेबॅस्टियन शॉ या सत्तरी ओलांडलेल्या ब्रिटिश नटाने केली. जॉन विल्यम्सने याच व्हेडरसाठी १९८० मध्ये पितळी वाद्यांची धडकी भरवणारी कूच रचली होती. इथे तीच सुरावट तो इतकी विरळ करत नेतो की शेवटी ती हार्पच्या तारांवर येऊन थांबते. नंतर रात्रीच्या जंगलात ल्यूक एकटा लाकडे रचतो, वर काळे चिलखत ठेवतो आणि आग लावतो.

धायरीतल्या एका शेजारघरी हा भाग चालू होता. सहावी-सातवीतली मुलगी आणि तिचा बाप मालिका संपवत होते, आणि कोपऱ्यात आजी शेंगा सोलत बसल्या होत्या. आधीचे चित्रपट त्यांनी पाहिलेले नव्हते, हाही अर्धाच पाहिला होता.

“बाबा, तो वाईट होता ना? मग हा रडतोय कशाला?”

उत्तर बापाने दिले नाही, आजींनी दिले.

“अगं, बाप आहे तो त्याचा. अग्नी नको द्यायला?”

अमेरिकन समीक्षकाला या प्रसंगामागे कुठले विधी, कुठल्या दंतकथा हे शोधावे लागते. जोसेफ कॅम्बेलच्या १९४९ च्या ग्रंथाचा लुकासवर प्रभाव होता, तो ग्रंथ जगभरच्या वीरकथांतला समान सांगाडा मांडतो, वगैरे. ते सगळे खरेच आहे. पण आजींना त्याची गरज पडली नाही. शत्रू कितीही मोठा असो, मेल्यावर वैर संपते, हे आपल्याकडे लहानपणीच ऐकलेले असते. रावण पडल्यावर त्याचे अंत्यसंस्कार करायला बिभीषण कचरतो, तेव्हा राम त्याला ते करायला लावतो. ही कथा कीर्तनात सांगतात, रामलीलेत दाखवतात, आजी नातवंडांना सांगतात. आणि इथे तर शत्रू आणि बाप एकच आहे. भारतयुद्ध संपल्यावर, मृतांना पाणी देण्याच्या वेळी, कुंती सांगते की कर्ण तुमचा थोरला भाऊ होता. नाते उशिरा कळणे, शस्त्र चालवून झाल्यावर कळणे, हे दुःख मराठी वाचकाला ‘मृत्युंजय’ने आणि ‘युगान्त’ने किती वेगवेगळ्या अंगांनी दाखवलेले आहे. ल्यूकला ते नाते वेळेवर कळते. पांडवांना न मिळालेली संधी त्याला मिळते, आणि तो ती वाया घालवत नाही.

जय-विजयांची कथाही आठवते. वैकुंठाच्या दाराचे ते दोन राखणदार शापाने खाली आले. हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण, शिशुपाल-दंतवक्र असे तीन जन्म त्यांनी देवाशी वैर केले आणि मग आपल्या जागी परतले. शत्रू हा मुळात घरचाच माणूस, वाट चुकलेला. त्याला घरी यायला वेळ लागतो. व्हेडर कोण हे सांगायला मला याहून जवळची कथा सापडत नाही.

२००५ मध्ये ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ आला आणि या चितेला आणखी एक अर्थ मिळाला. तो चित्रपट कथाकाळाने आधीचा. त्यात तरुण अनाकिन स्कायवॉकर व्हेडर कसा झाला हे दिसते. ज्वालामुखीच्या ग्रहावर गुरू ओबी-वान त्याचे हातपाय तोडतो, लाव्ह्याच्या काठी तो पेटतो, आणि गुरू जड मनाने पाठ फिरवून निघून जातो. म्हणजे या माणसाला दोनदा आग लागते. पहिली आग त्याला जिवंतपणी जाळते आणि त्याला एकटे टाकून माणसे निघून जातात. दुसरी आग त्याचा मुलगा हाताने लावतो आणि शेजारी उभा राहतो. वर्षे लोटली तरी हे कोणीतरी निस्तरणार आहे, हा दिलासा शेवटच्या भागात आहे.

म्हणूनच मुलांना ही मालिका कोणत्या क्रमाने दाखवायची, यावर जगभरचे चाहते हिरिरीने भांडतात, आणि ते भांडण पोरकट नाही. १९७७ पासून प्रदर्शनाच्या क्रमाने पाहिले तर गोष्ट ल्यूकची राहते आणि शेवट म्हणजे त्याचा विजय. कथाकाळाच्या क्रमाने, आधी अनाकिनचे बालपण आणि अधःपात पाहून, मग इकडे आले तर तोच शेवट बापाच्या घरवापसीचा होतो. दृश्ये तीच, संवाद तेच, पण केंद्र सरकते. माझे मत विचाराल तर पहिल्या वेळी प्रदर्शनाच्या क्रमाने पाहावे, म्हणजे बापाचे रहस्य रहस्य राहते. आणि मूल थोडे मोठे झाल्यावर दुसऱ्या क्रमाने. एकाच शेवटातून दोन वेळा दोन गोष्टी मिळतात.

हातांनी घडवलेली आकाशगंगा

चित्रपटाचे आकर्षण नुसत्या कथेत नाही. नऱ्ह्याच्या शेडमध्ये पत्रा कापणाऱ्या, मोटारी बसवणाऱ्या तरुणांशी या चित्रपटाबद्दल बोलताना लक्षात आले की त्यांचे डोळे चमकतात ते पडद्यामागच्या कामाच्या चित्रफिती पाहून. १९८३ मध्ये संगणकावर यान रंगवण्याची फारशी सोय नव्हती. लुकासने १९७५ मध्ये उभारलेल्या ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’ या कार्यशाळेत याने प्रत्यक्ष घडवली जात. बाजारातले रणगाड्यांचे आणि विमानांचे प्लास्टिकचे खेळसंच फोडून त्यांचे सुटे तुकडे यानांवर चिकटवत, म्हणजे पृष्ठभाग खऱ्या यंत्रासारखा दिसे. निळ्या पडद्यासमोर प्रत्येक यान वेगळे चित्रित होई. कॅमेरा संगणकाच्या नियंत्रणाखाली तीच हालचाल पुन्हा पुन्हा अचूक करी, आणि मग ऑप्टिकल प्रिंटरवर फिल्मचे थर एकावर एक चढवून एक चौकट सिद्ध होई. शेवटच्या आरमारी लढाईत अशी कितीतरी याने एका चौकटीत उडतात. त्यातला प्रत्येक ठिपका कोणीतरी हाताने जागेवर बसवलेला आहे.

जंगलातला उडत्या दुचाकींचा पाठलाग तर साधेपणाचा नमुना. स्टेडिकॅम या उपकरणाचा जनक गॅरेट ब्राउन तो कॅमेरा अंगावर बांधून कॅलिफोर्नियातल्या उंच रेडवुड झाडांमधून शांतपणे चालत गेला. कॅमेरा सेकंदाला एकाहूनही कमी चौकट टिपत होता. तीच फिल्म सेकंदाला चोवीस चौकटींच्या नेहमीच्या वेगाने दाखवली की चालणे भन्नाट वेगाचे उड्डाण होते. रँकोर हा अजस्र राक्षस प्रत्यक्षात दांड्यांनी हलवायची दीडेक फुटाची बाहुली होता. तिचे चित्रण अधिक वेगाने केले, त्यामुळे पडद्यावर हालचाल मंदावली आणि बाहुलीला वजन आले. जबा हा गलेलठ्ठ गुंड म्हणजे आत माणसे बसून हलवत असलेले प्रचंड बाहुले. डेनिस म्यूरेन, रिचर्ड एडलंड, केन रॉल्स्टन आणि फिल टिपेट यांना या दृश्यकामासाठी ऑस्करचा विशेष पुरस्कार मिळाला.

चित्रीकरणाची जागा गुप्त राहावी म्हणून ‘ब्लू हार्वेस्ट’ नावाच्या भयपटाचे काम चालू आहे अशी बतावणी केली होती. आणि एंडॉरवरच्या केसाळ, ठेंगण्या इवॉकांपैकी विकेट या मुख्य इवॉकाची भूमिका वॉर्विक डेव्हिस या अकरा वर्षांच्या इंग्लिश मुलाला मिळाली. ठेंगण्या माणसांची गरज असल्याचे त्याच्या आजीने रेडिओवर ऐकले होते. पुढे तो मोठा नट झाला.

सप्ताहाचा शेवटचा दिवस

आक्षेप आहेत आणि ते मान्य करायलाच हवेत. डेथ स्टार पहिल्या चित्रपटात फुटला होता, इथे पुन्हा तसाच दुसरा. इवॉक गोंडस आहेत, आणि त्यांची खेळणी विकायची होती हेही उघड आहे. धोंडे आणि वेली वापरून त्यांनी साम्राज्याच्या सैन्याला हरवणे अनेकांना हास्यास्पद वाटते. त्यामागे व्हिएतनामचे युद्ध होते, असे लुकासने सांगितलेले आहे, पण पडद्यावर ते तितके खोल उतरत नाही. ल्यूकची बहीण राजकन्या लेया हिला जबाच्या दरबारात जो पोशाख दिला तो तिची भूमिका करणाऱ्या कॅरी फिशरला स्वतःलाही आवडला नव्हता. साखळीने बांधलेली लेया त्याच साखळीने जबाचा गळा आवळते, हे खरे, पण पोशाखाचा उद्देश त्याने झाकत नाही. आधीचा ‘एम्पायर’ कलाकृती म्हणून अधिक बांधीव आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीतही क्रम तसाच आहे: पहिला १९८९ मध्ये, ‘एम्पायर’ २०१० मध्ये आणि ‘जेडाय’ २०२१ मध्ये.

तरीही तो प्रिय आहे, आणि याचे कारण सिंहगडाच्या पायथ्याच्या गावांत अखंड हरिनाम सप्ताह पाहिलेल्याला चटकन कळेल. सात दिवस काकडा, पारायण, हरिपाठ, रोज रात्री कीर्तन. चांगले कीर्तनकार मधल्या दिवशी गहन अभंग घेतात, आणि जाणकार श्रोते त्याच रात्री मोजतात. पण गाव लोटते शेवटच्या दिवशी, काल्याला. काल्याच्या कीर्तनात नवे तत्त्वज्ञान मांडत नाहीत. गोकुळातल्या सवंगड्यांच्या शिदोऱ्या कृष्णाने एकत्र कालवल्या आणि सगळ्यांना वाटल्या, ती ओळखीची लीला पुन्हा रंगते, हंडी फुटते, पंगती बसतात. सहा दिवस जो फिरकला नाही त्यालाही तोच घास मिळतो. आधी का आला नाहीस, असे कोणी विचारत नाही.

‘जेडाय’ तसा आहे. मधल्या भागाची खोली त्यात शोधू नये. इथे सगळे परत येतात. गोठवलेला हान सुटतो, दगाबाज ठरलेला त्याचा मित्र लँडो आपले ऋण फेडतो, म्हातारा गुरू योडा शांतपणे देह ठेवतो, मेलेले गुरू दिसतात, बहीण-भावांना नाते कळते, आणि शेवटी माणसे, यंत्रे, केसाळ इवॉक सगळे एका जाळाभोवती नाचतात. आजी अर्धाच चित्रपट पाहूनही गोष्टीत शिरू शकल्या. शेवटच्या भागाची हीच कसोटी मी मानतो: जो सगळे बघत आला त्याची वाट पाहणे सार्थ व्हावे, आणि जो आत्ताच दारात आला तो उपाशी जाऊ नये.

शेवट पुन्हा उघडला की

ही कसोटी २०१९ सालाला लावून पाहावी. त्या वर्षी दोन महामालिकांचे समारोप झाले. २६ एप्रिलला ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ आला. २००८ पासूनच्या मालिकेतला तो बाविसावा चित्रपट. भारतातल्या शहरांत त्याचे खेळ चोवीस तास चालले, कॉलेजची मुले पहाटेच्या खेळाला गेली. कारण उघड होते: ही मुले त्या पात्रांबरोबर वाढली होती. शाळेत असताना पहिला भाग पाहिलेल्यांना नोकरीला लागल्यावर शेवटचा भाग मिळाला.

२० डिसेंबरला ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’ आला, ‘स्टार वॉर्स’च्या नऊ चित्रपटांचा समारोप. डिस्नेने २०१२ मध्ये चार अब्ज डॉलरहून अधिक मोजून लुकासची कंपनी घेतल्यानंतरच्या त्रयीचा हा तिसरा भाग. कॅरी फिशर २०१६ च्या डिसेंबरात गेली होती, म्हणून दिग्दर्शक जे. जे. अब्राम्स यांनी तिचे आधीचे न वापरलेले चित्रण घेऊन लेया उभी केली. त्यातली निष्ठा मनाला भिडते. धंदाही एक अब्ज डॉलरच्या पुढे झाला. पण चाहत्यांत दोन तट पडले, आणि मुख्य दुखणे एकच होते. गर्तेत फेकलेला पॅल्पटीन पुन्हा जिवंत केला होता. ज्याला संपवण्यासाठी व्हेडरने प्राण दिला तो संपलाच नव्हता, असे सांगितले की ती चिता पोकळ होते.

चांगला शेवट पुन्हा उघडण्याचा मोह बाजाराला नेहमीच होणार. लुकासनेही १९९७ मध्ये ‘जेडाय’च्या शेवटच्या जल्लोषात इतर ग्रहांवरची दृश्ये आणि नवे संगीत घातले, २००४ मध्ये शेवटी आत्म्याच्या रूपात दिसणाऱ्या सेबॅस्टियन शॉच्या जागी तरुण अनाकिन झालेला हेडन क्रिस्टेन्सन बसवला. मला हा दुसरा बदल रुचत नाही. मुलाने मुखवटा काढून जो चेहरा पाहिला, त्याच चेहऱ्याने बापाने परत यायला हवे. पण या बदलांनी चितेला हात लावला नाही, म्हणून तो शेवट टिकला.

आपली महागाथा

मराठीत अवकाशाचे वेड नवे नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘केरळ कोकिळ’मधून ज्यूल्स व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे मराठी रूप वाचकांना मिळाले. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांच्या हातात दिला. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. आपले नाव पाहून परीक्षकांनी झुकते माप देऊ नये म्हणून खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकरांनी आद्याक्षरे उलटी करून घेतलेले ते टोपणनाव. मग ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’. बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांनी ही वाट रुंद केली. नारळीकर २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा विज्ञानकथेला मराठीत मानाचे पान मिळाले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांची विज्ञानकथा विज्ञानाच्या पायावर उभी असे. ‘स्टार वॉर्स’ त्या अर्थाने विज्ञानकथा नाहीच. निर्वात अवकाशात तिथे स्फोटांचे आवाज ऐकू येतात, प्रकाशाच्या तलवारी ठरावीक लांबीवर थांबतात. ती यानांत बसवलेली पुराणकथा आहे. आणि पुराणकथा हे तर आपले घरचे धन. तरी मराठीत अशी अनेक खंडांची, पिढ्यांना बांधून ठेवणारी अवकाशगाथा रुजली नाही. याचे एक कारण आपल्या प्रकाशन-परंपरेतच दिसते. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून दिवाळी अंकांनी मराठी कथा जगवली, ‘नवल’ने, ‘धनंजय’ने अद्भुत आणि विज्ञान यांना हक्काची जागा दिली. पण दिवाळी अंक एका बैठकीची कथा मागतो. वर्षानंतर वाचक तिथून पुढे वाचेल, असे धरून लिहिण्याची सवय आपल्याला लागली नाही.

ती आता लागावी, असे मला मनापासून वाटते. लिहिणारे हात आहेत. धायरीतल्या भाड्याच्या खोल्यांत असे तरुण राहतात ज्यांना कक्षेचे गणितही येते आणि जय-विजयांची कथाही माहीत आहे. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या त्यांनी शाळेच्या सहलीत पाहिल्या आहेत आणि गावच्या सप्ताहात काल्याचा घासही खाल्ला आहे. या दोन्ही शिदोऱ्या ज्याच्यापाशी आहेत त्याने मोठी गोष्ट हाती घ्यावी, दहा वर्षे लिहावी आणि ती पूर्ण करावी. पहिला भाग कोणीही लिहितो, कारण त्यात फक्त आशा दाखवायची असते. शेवटच्या भागात शत्रूचे काय करायचे हे सांगावे लागते. त्याचे उत्तर देण्याची ताकद आपल्या कथांत आहे, आणि आपल्या आजींच्या तोंडी तर ते तयारच आहे.